बावीस बाटल्या ब्लू-ब्लॅक

शाईवर जीव जडलेली माणसं असतात हे पुष्कळांना पटत नाही. पत्त्यांवर जडतो, दारूवर जडतो, शेजारणीवर जडतो, ते लोकांना चटकन समजतं. शाई म्हटलं की हसतात. हसू देत. आमच्या दौतरावांचा जीव शाईवर होता, आणि तोही कुठल्याही शाईवर नव्हे, एका ठरावीक कारखान्याच्या ब्लू-ब्लॅकवर. निळी शाई त्यांना पोरकट वाटायची आणि काळी सुतकी. हिरव्या शाईने सही करणाऱ्या एका साहेबाशी त्यांनी सात वर्षं फक्त कामापुरतं बोलून काढली.

दौतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं कारकुनी केली, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि या सगळ्या काळात त्यांच्या खिशात पेन आणि बोटांवर डाग नाही असा दिवस गेला नाही. त्यावरून रविवारच्या मंडळींनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बायकोसुद्धा चिडली की दौतराव म्हणायची.

रविवारची मंडळी म्हणजे चौघं. एक पेनदुरुस्तीवाला, ज्याच्या दुकानात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अर्धं शटर खाली ओढून ही मंडळी जमायची. दुसरे एक दातांचे डॉक्टर, ज्यांच्याकडे दवाखान्यातल्या खुर्च्यांपेक्षा पेनं जास्त होती. तिसऱ्या भूगोलवाल्या बाई, शाळेतून निवृत्त, स्वभावाने कडक, अक्षर मात्र लोण्यासारखं. चौथे दौतराव. आता चौघं जमून लिहायचे काय, असं तुम्ही विचाराल. काही नाही. या लोकांना लिहायचं काय हा प्रश्न कधी पडतच नाही. डॉक्टर पानभर ‘आज रविवार आहे’ असं लिहायचे. बाई नद्यांची नावं लिहायच्या. दुरुस्तीवाला नुसत्या रेघा मारायचा आणि दौतराव स्वतःची सही करायचे, शंभर शंभर वेळा. मग मागच्या महिन्याचे कागद काढायचे आणि नव्याशेजारी ठेवून तासभर बघत बसायचं.

कारण ती शाईच तशी होती. लिहिताना निळी उतरायची. दुसऱ्या दिवशी गडद व्हायची, तिसऱ्या दिवशी काळी, आणि तरी कडेला कुठेतरी निळेपणा धरून राहायची. पाणी पडलं तर वरची निळाई वाहून जायची, पण खालचं काळं अक्षर कागदात रुतलेलं असायचं, ते जागचं हलायचं नाही. बैठकीच्या शेवटी एक तरी जुना कागद दुकानातल्या बादलीत बुडवून काढायचा, असा यांचा शिरस्ता होता. त्याला ते आंघोळ म्हणायचे. कागद वर आला आणि अक्षर शाबूत दिसलं की डॉक्टर लहान मुलासारखे टाळ्या वाजवायचे. दर महिन्याला तेच व्हायचं आणि दर महिन्याला टाळ्या वाजायच्या.

ही शाई मंडळाला पुरवायचे दौतराव. कारखाना तर सोळा वर्षांपूर्वीच बंद पडला होता. “लिलावात मिळाल्या थोड्या बाटल्या,” असं ते सांगायचे आणि प्रत्येकाला छोट्या बाटलीत मोजून ओतून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे मंडळात त्यांना मान होता. माणसाला आयुष्यात कुठेतरी मान हवाच असतो, आणि कचेरीत तो त्यांना कुणी दिला नव्हता.

लिलाव-बिलाव काही झाला नव्हता. खरं काय झालं ते सांगतो.

जन्म-मृत्यूची रजिस्टरं कायम टिकणाऱ्या ब्लू-ब्लॅकनेच लिहायची, असा कचेरीचा नियम. कारखाना बंद होताना कचेरीला शेवटचा माल आला, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या. सोबत चिठ्ठी, की यापुढे पुरवठा होणार नाही. सामानाच्या कपाटाची किल्ली दौतरावांकडे. त्यांनी कपाट उघडलं, चोवीस बाटल्या ओळीने उभ्या पाहिल्या आणि त्या दोनदा मोजल्या. जगात आता एवढीच उरली होती, आणि ती ओतायची कशात? रजिस्टरात! अमुक जन्मला, तमुक गेला. ते कुठल्याही शाईने लिहिलं तरी जन्मलेला जन्मलेलाच राहतो आणि गेलेला काही परत येत नाही. असा हिशोब त्यांनी मनाशी मांडला, आणि माणूस स्वतःशी बोलायला लागला की त्याला हो म्हणणारं कुणीतरी भेटतंच.

डब्याच्या पिशवीतून एकेक करत त्यांनी बावीस बाटल्या घरी नेल्या. बायकोच्या कपड्यांच्या कपाटात खालचा खण रिकामा करून घेतला. “सवत आणून ठेवलीत माझ्या उरावर,” असं ती म्हणाली आणि नंतर त्याबद्दल कधी बोलली नाही. कचेरीतल्या दोन बाटल्या लवकरच संपल्या. मग दुरुस्तीवाल्याकडून शाईची पूड यायला लागली. पुतण्याच्या शाळेला देतो, असं दौतराव सांगायचे. निळ्या पुडीत काळी किती घातली म्हणजे ओला रंग हुबेहूब तोच दिसतो, याचे त्यांनी चार रविवार प्रयोग केले, आणि जमलं तेव्हा त्यांना अभिमानही वाटला. बारा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, कचेरीच्या दौतीत ती पूड होती. कुणाच्या बापाला कळलं नाही. तपासणीला येणारे साहेब रजिस्टराची बांधणी बघायचे आणि चहा पिऊन जायचे. फरक होता तो एवढाच, की ही शाई तिसऱ्या दिवशी काळी होत नव्हती आणि पाण्यात टिकणारी नव्हती. पण रजिस्टरांच्या खोलीत पाणी यायचं कुठून?

आता आणखी एका बाईंबद्दल सांगायला हवं.

गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात त्या मशीनवर बसायच्या. तेरा वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा खिडकीशी आल्या, हातात रुमाल, रुमालात तारीख लिहिलेला चिटोरा. जन्माचा दाखला हवा होता. वर्षापूर्वीची नोंद होती. दौतरावांनी रजिस्टर काढलं, तारखेवर आले आणि सवयीने विचारलं, “काय, पाळणाघरात घालायचंय का?”

बाईंनी चिटोरा परत रुमालात गुंडाळला. दौतरावांनी शेवटच्या रकान्यात पाहिलं. तिथे लाल शाईत मृत्यूच्या रजिस्टराचा आकडा होता, म्हणजे बाळ दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. नोंद बाईंच्या भावाने येऊन केली होती, लिहिली दौतरावांनीच होती, आणि त्यांना त्यातलं अक्षरही आठवत नव्हतं. दिवसाला तीस-चाळीस नोंदी लिहिणाऱ्याला कुठलं आठवणार! पण आता ते असे ओशाळले, की कुठे बघावं ते त्यांना कळेना.

“दाखला मिळेल ना भाऊ?” बाईंनी विचारलं.

“मिळेल की. न मिळायला काय झालं?”

“घरात ठेवायची पंचाईत आहे तशी. सासूबाई म्हणतात, झालंच नाही असं समज. बाळाचे कपडे होते तेही त्यांनी देऊन टाकले. प्रसूतिगृहात गेले होते, तर ते बंद झालंय, डॉक्टरीणबाई पण वारल्या. म्हटलं कुठेतरी लिहिलेलं तर असेल.”

ओशाळलेला माणूस आपल्या हातखंडा विषयाकडे पळतो. दौतराव शाईकडे पळाले. म्हणाले, “मग ताई, कागद घेऊच नका. घरात कागद हरवतो, फाटतो, कुणी मुद्दाम फाडतंही. इथे बघा, ही ब्लू-ब्लॅक आहे. कायम शाई! शंभर वर्षं हलायची नाही. तुम्हांला वाटेल तेव्हा या, मी पान काढून देईन. कागदापेक्षा हे पक्कं.”

हे वाक्य ते नोकरीच्या पहिल्या वर्षापासून सगळ्यांना सांगत आले होते. तोंडात बसलं होतं. बाईंनी त्या ओळीकडे खूप वेळ पाहिलं, अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि “बरं झालं सांगितलंत” म्हणून जिना उतरल्या. त्या उतरल्यावर दौतरावांच्या लक्षात आलं, की हे पान पुडीचं आहे. हाक मारायला अजून वेळ होता. जिना काही फार मोठा नव्हता. पण हाक मारून सांगायचं काय?

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला बाई यायच्या. दौतराव रजिस्टर काढून पान उघडायचे आणि शेजारी उभे राहायचे. बाई ओळ वाचायच्या, दोन-तीन मिनिटं थांबायच्या, “येते भाऊ” म्हणून जायच्या. निवृत्त झाल्यावरही दौतराव त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत जायचे. स्वतःच्या नातेवाइकांच्या वाढदिवसाला ते कधी गेले नाहीत, पण हा दिवस त्यांनी चुकवला नाही. नव्या नोंदणी अधिकारी बाईंना, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांना याचं फार कौतुक होतं. “काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत,” असं त्या म्हणायच्या. दौतराव मान खाली घालायचे आणि ते विनयाने असं मॅडमना वाटायचं.

पाणी आलं ते वरच्या मजल्यावरून. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, कचेरी चार दिवस बंद होती, आणि वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप फुटला. चौथ्या दिवशी पहारेकऱ्याला जिन्यावर ओहोळ दिसला. तो दिवस नेमका दुसरा रविवार. मॅडमचा फोन दौतरावांना दुकानातच आला, आणि ऐकू येत नाही म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवायचे, त्यामुळे सगळ्या मंडळींनी ऐकला.

“काका, सगळी रजिस्टरं पाण्यात आहेत हो. लगेच येता का? क्रम तुम्हांलाच माहीत.”

दौतराव पेनाला टोपण लावत बसून राहिले. बाकीचे तिघं मात्र उठून उभेच राहिले. “आता कळेल!” डॉक्टर म्हणाले. “आता कळेल लोकांना ब्लू-ब्लॅक म्हणजे काय ते! बत्तीस वर्षांची आंघोळ एकदम!” भूगोलवाल्या बाईंनी तर कुठल्या तरी मासिकाला लेख पाठवायचा बेत वाटेतच पक्का केला. तुम्ही येऊ नका, असं दौतराव तीनदा म्हणाले, पण ऐकतंय कोण.

कचेरीच्या मोठ्या खोलीत टेबलं जोडून त्यांवर रजिस्टरं उघडी ठेवली होती. पंखे फिरत होते. शिपाई पानापानांत टिपकागद घालत होते. पहिली रजिस्टरं जुनी होती, काही तर दौतरावांच्याही आधीची. पानं फुगली होती, कडा तपकिरी झाल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. डॉक्टर एकेका पानावर वाकून बघत होते आणि शिपायांना समजावून सांगत होते, की या शाईतलं लोखंड कागदात रुतून बसतं, हा नुसता रंग नव्हे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मंडळी पुढच्या टेबलाशी आली.

तिथे पानं होती आणि छापलेले रकाने होते. रकान्यांत फिकट जांभळट ढग होते. शेवटच्या रकान्यातली लाल शाई पसरून त्यात मिसळली होती. एकही अक्षर नव्हतं. मॅडमनी पुढचं रजिस्टर उघडलं, त्यापुढचं उघडलं. सगळी तशीच. मग एकदम चार वर्षांपूर्वीपासूनची कॉम्प्युटरवर छापलेली पानं लागली, ती धड होती.

“काका, ही तर तुमची शेवटची वर्षं,” मॅडम म्हणाल्या. “मागचं कॉम्प्युटरवर चढवायचं काम अजून रांगेतच आहे. वरच्या कचेरीतली दुसरी प्रत दहा वर्षांनी रद्दीत जाते. हे असं कसं झालं?”

दौतरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. “शेवटचा लॉट खराब आला असणार,” ते म्हणाले. “कारखाना बंद पडताना कसाही माल ढकलतात.”

ज्या शाईसाठी त्यांनी हे सगळं केलं तिचीच त्यांनी त्या दिवशी बदनामी केली. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “अशक्य! त्याच लॉटची शाई तुम्ही आम्हांला देता की! आत्ता सकाळी बादलीत बुडवून...” एवढं बोलून ते थांबले. भूगोलवाल्या बाईंनी दौतरावांकडे बघितलं. दुरुस्तीवाल्याने ओल्या पानावर बोट फिरवलं, बोटाचा डाग अंगठ्याने चोळून पाहिला आणि खिशातल्या फडक्याला पुसला. खाली जिन्यात तो दौतरावांच्या जवळ येऊन म्हणाला, “तुमच्या पुतण्याची शाळा फार लिहिते हो.”

भूगोलवाल्या बाई रस्त्यावर आल्यावर सरळ उलट्या दिशेने चालू लागल्या. त्यांचं घर त्या बाजूला नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. दौतरावांनी छाती घट्ट करून उचलला. शिव्या खायची त्यांची तयारी होती, खरं तर त्यांना त्या हव्याच होत्या. पण डॉक्टरांचा आवाज अगदी हळू होता.

“दौतराव, झालं ते वाईटच झालं. मी कुणाकडे बोलणार नाही. फक्त एक सांगा, किती उरल्यात?”

“नऊ,” दौतराव म्हणाले.

“नऊ!” डॉक्टरांनी दीर्घ श्वास घेतला. “नीट झाकून ठेवा हो.”

फोन ठेवल्यावर दौतराव कपाटासमोर जमिनीवर बसले. नऊच्या नऊ बाटल्या मोरीत ओताव्यात असं मनाशी ठरवून बसले होते. एकीचं बूच काढलं, ओळखीचा आंबूस वास आला, आणि ओतवेना. हे सांगायला लाज वाटते, पण झालं तसं सांगतो. त्यांनी बूच परत लावलं. मग माळ्यावरून रविवारच्या कागदांचे गठ्ठे काढले, सोळा वर्षांचे. आज रविवार आहे, आज रविवार आहे, आज रविवार आहे. नद्या, रेघा, आणि त्यांची स्वतःची सही हजारो वेळा. सगळं काळंभोर आणि ठसठशीत. शंभर वर्षं त्याला काही व्हायचं नव्हतं. तेराव्या बाटलीपर्यंतची शाई यात गेली होती. दौतराव रडले. बायको दारात येऊन उभी राहिली. तिला कपाटाचा खण उघडा दिसत होता.

तीन आठवड्यांनी ती तारीख आली.

मधल्या काळात वरून हुकूम आला होता. नष्ट झालेल्या नोंदी पुन्हा घालता येतील, पण कागद दाखवावा लागेल. जिवंत माणसांचं कुठून कुठून जमत होतं. शाळेचा दाखला, कुठलं कार्ड, लग्नाचा कागद. म्हातारपणी गेलेल्यांचंही जमत होतं. ज्याचा कागदच नाही त्याच्यासाठी एक वाट होती, दोन साक्षी. एक घरच्या माणसाची आणि एक बाहेरच्या माणसाची, ज्याने नोंद स्वतः पाहिली आहे. दोघांनी वेगवेगळं बसून सांगायचं, आणि दोन्ही जुळायला हवं.

दौतरावांना हे कळलं तेव्हा सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. बाकीच्यांचं जे व्हायचं ते होवो, ही एक ओळ तरी आपण परत घालू. दीड दिवसाच्या बाळाचा दुसरा कागद जगात नव्हता, आणि घरच्यांशिवाय ती नोंद पाहिलेला माणूस जगात एकच होता. एकदा नव्हे, तेरा वेळा. ते सदऱ्याला इस्त्री करून निघाले.

बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांची साक्ष होऊन गेली होती. दौतरावांना बघून त्या उठल्या. “मॅडमनी सांगितलं मला सगळं पाण्यात गेलं म्हणून. चार दिवस जेवण गेलं नाही भाऊ. पण मग म्हटलं, भाऊ आहेत ना. त्यांनी तर दर वर्षी माझ्याबरोबर वाचलंय.”

“हो ताई,” दौतराव म्हणाले आणि आत गेले.

मॅडमनी छापील कागद पुढे ओढला. दौतराव धडाधड सांगत गेले. रजिस्टराचा क्रमांक, पान, वरून सहावी ओळ, तारीख. आईचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, दर वर्षी पान शोधताना ते वाचावंच लागायचं. प्रसूतिगृहाचं नाव सांगितलं. त्या दिवशी जाड निब होती आणि चौथ्या रकान्यात थोडा डाग पडला होता, हेसुद्धा सांगितलं. मॅडम हसल्या. “काका, कमाल आहे तुमची. मुलगा की मुलगी?”

“सांगतो,” दौतराव म्हणाले.

त्यांनी पान डोळ्यांसमोर आणलं. आलंही. सहावी ओळ आली, डाग आला, शाईची कड आली, तिसऱ्या वर्षी किंचित फिकट झालेली, सातव्या वर्षी जांभळट झाक आलेली, दहाव्या वर्षी टिकून असलेली. अक्षरांचा रंग दिसत होता, अक्षरं दिसत नव्हती. बाळ, बाळ, असंच बाई म्हणायच्या. खिडकीबाहेर बाकाची कड दिसत होती आणि बाईंची पिशवी दिसत होती.

“मुलगा,” ते म्हणाले.

मॅडमचं पेन थांबलं. “नक्की ना काका? आठवून सांगा.”

“नक्की.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग उठून दार उघडलं आणि बाईंना आत बोलावलं. “ताई, साक्ष जुळत नाही. मला नोंद घालता येणार नाही. माझ्या हातात असतं तर...”

“काय जुळत नाही?” बाईंनी विचारलं.

मॅडमनी कागद त्यांच्याकडे फिरवला. बाईंनी तो वाचला.

“मुलगी होती भाऊ,” त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, एखाद्याची चूक दुरुस्त करावी तशा. मग कागदावरून नजर वर करून त्यांनी विचारलं, “तेरा वेळा शेजारी उभे होतात. काय बघत होतात तुम्ही?”

अजूनही खोटं बोलता आलं असतं. वय झालं, आठवत नाही, असं म्हटलं असतं तर दोघींनीही मानलं असतं. पण दौतरावांच्यात तेवढंही बळ उरलं नव्हतं.

“रंग उडालाय का ते बघत होतो.”

“रंग? का?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चोवीस बाटल्या, डब्याची पिशवी, पूड, बारा वर्षं. मॅडम आधी त्यांच्याकडे बघत होत्या, मग बघायच्या थांबल्या. बाई उभ्याच होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“म्हणजे मी पहिल्यांदा दाखला मागायला आले, तेव्हा तुम्हांला हे माहीत होतं?”

“तुम्ही जिना उतरल्यावर आठवलं,” दौतराव म्हणाले. “पण हो. माहीत होतं.”

बाईंनी पिशवी उचलून खांद्याला लावली. दौतरावांना वाटलं, आता त्या बोलतील, ओरडतील, पोलिसांत जाते म्हणतील. त्यांना ते फार बरं वाटलं असतं. पण बाईंनी त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. त्या मॅडमकडे वळल्या.

“मॅडम, मग पुढच्या वर्षी या तारखेला मी कुठे यायचं?”

मॅडमनी टेबलावरचा कागद फिरवून परत आपल्याकडे घेतला. बाईंनी दुकानात दोनच तासांची सुट्टी काढली होती. मग त्या गेल्या.